नशेचा हिशेब मांडणार कोण?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अमली पदार्थ किती पकडले, याची नोंद पोलिसांकडे असते. ते घेणारे किती, कोण आणि का, हे शोधण्यासाठी प्रशिक्षित तरुण संशोधक लागतात. असे संशोधक कसे घडतात, याचा हा आढावा.

ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे २० किलो मेफेड्रोन जप्त केले. बाजारात 'एमडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालाची किंमत सुमारे २० कोटी रुपये सांगण्यात आली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत याच पदार्थाचा शेकडो किलोंचा साठा पकडला. दोन्ही वेळा बातम्यांत वजन आले, किंमत आली, आरोपींची साखळी आली. मात्र पट्ट्यातील किती माणसे हा पदार्थ घेतात, कोणत्या वयात सुरुवात करतात आणि त्यांपैकी किती जण उपचारांपर्यंत पोहोचतात, या प्रश्नांची उत्तरे पंचनाम्यात मिळणे शक्य नव्हते.

ही उत्तरे शोधणारे शास्त्र म्हणजे साथरोगशास्त्र. या शब्दामुळे कॉलरा, प्लेग किंवा करोना डोळ्यांसमोर येतो. परंतु कोणताही आजार अथवा आरोग्याला घातक सवय लोकसंख्येत कशी पसरते, कोणाला गाठते आणि कोणाला सोडते, याचा अभ्यास म्हणजे हेच शास्त्र. अमली पदार्थांच्या बाबतीत ते अधिक अवघड होते. कॉलऱ्याचा रुग्ण स्वतः दवाखान्यात येतो. नशा करणारा माणूस मात्र घरच्यांपासून, मालकापासून आणि पोलिसांपासून लपत असतो.

जप्ती म्हणजे प्रमाण नव्हे

जप्तीचे आकडे वाढले की नशा वाढली, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो घाईचा असतो. जप्ती वाढण्यामागे माल वाढणे हे एक कारण असू शकते, तसेच पोलिसांचे लक्ष वाढणे हेही असू शकते. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी मिळाले. नवी यंत्रणा उभी राहिली की गुन्हे नोंदवण्याची पद्धत बदलते. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवताना सावधगिरी लागते. शिवाय पकडलेला माल याच पट्ट्यात विकला जाणार होता की मुंबईकडे निघाला होता, हेही जप्तीच्या वजनावरून कळत नाही.

कायद्याचाही परिणाम आकड्यांवर होतो. मेफेड्रोनचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. त्याआधीच्या काळात या पदार्थाचे गुन्हे त्या कायद्याखाली दिसत नाहीत. त्यावरून तेव्हा तो कोणी घेतच नव्हते, असे म्हणता येत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रांतील नोंदी हा दुसरा आधार. तोही अपुरा आहे. केंद्रात येतात ते बहुधा अनेक वर्षांच्या व्यसनानंतर आणि कुटुंबाने हात धरून आणलेले. एकट्याने खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराला हात धरून आणणारे येथे कोणी नसते. केंद्राच्या वहीत त्याचे नाव नसणे हा त्याच्या निर्व्यसनीपणाचा पुरावा ठरत नाही.

राज्याचा आकडा आहे, पट्ट्याचा नाही

देशपातळीवर दोन मोठ्या पाहण्या झाल्या. पहिलीचे काम २०००-०१ मध्ये झाले आणि अहवाल २००४ मध्ये आला. तिच्या घरोघरच्या भागात सुमारे ४० हजार व्यक्तींची माहिती घेण्यात आली. परंतु ते सगळे १२ ते ६० वयोगटातील पुरुष होते. स्त्रियांचा प्रश्न त्या आकडेवारीतून जवळजवळ बाहेरच राहिला.

दुसरी पाहणी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केली. डिसेंबर २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात १८६ जिल्ह्यांतील दोन लाखांवर घरांना भेटी देऊन ४ लाख ७३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या गेल्या. २०१९ मध्ये आलेल्या या अहवालानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात, २.८ टक्के लोक गांजा, चरस वा भांग घेतात आणि सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ घेतात. व्हाइटनर, सोल्यूशन यांसारखे हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आढळला, की ज्यात मुलांचे प्रमाण (१.१७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त होते. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणते ना कोणते उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक निघाला.

ही पाहणी मोलाची आहे. तथापि तिचे अंदाज राज्यापर्यंत थांबतात. महाराष्ट्राची सरासरी गडचिरोलीलाही लागू आणि भोसरीलाही लागू, असे मानून महापालिकेला नियोजन करता येणार नाही. 'निम्हान्स'च्या २०१५-१६ च्या पहिल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तर निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच.

या पट्ट्याची आणखी एक अडचण आहे. प्रमाण काढायचे तर खाली छेद लागतो, म्हणजे एकूण लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि दरम्यान चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे या गावांचे रूप पालटून गेले. घरोघरी जाणारा पाहणी करणारा दुपारी दार वाजवतो, तेव्हा रात्रपाळी करून आलेला कामगार झोपलेला असतो किंवा दाराला कुलूप असते. एका खोलीत पाळीपाळीने राहणारी चार-सहा माणसे 'कुटुंब' या व्याख्येत नीट बसत नाहीत. ज्यांची माहिती सर्वांत जास्त हवी, तेच नमुन्यातून निसटतात.

लपलेल्यांची गणती

नवोदित संशोधकाच्या प्रशिक्षणातील पहिला अवघड धडा येथे सुरू होतो. ज्यांची यादी नाही, त्यांचा नमुना कसा घ्यायचा? यावर समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये एक पद्धत मांडली. नशा करणाऱ्या काही व्यक्तींना प्रथम विश्वासात घ्यायचे. मुलाखतीनंतर प्रत्येकाला मोजकी कुपने द्यायची आणि ओळखीच्या, तशाच सवयीच्या माणसांना ती देण्यास सांगायचे. कुपन घेऊन आलेल्याची मुलाखत होते आणि त्यालाही कुपने मिळतात. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या होतात. कोणाचे जाळे किती मोठे, हे विचारून उत्तरांना वजन दिले जाते. अन्यथा मोठ्या मित्रमंडळातील माणसांचाच भरणा होईल. २०१९ च्या अहवालासाठी याच पद्धतीने १२३ जिल्ह्यांत ७२ हजारांहून अधिक व्यक्तींपर्यंत पोहोचता आले.

एकूण संख्या काढण्यासाठी याला गुणकाची जोड दिली जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या भागातील ६० जणांनी गेल्या वर्षी विशिष्ट केंद्रात उपचार घेतल्याची नोंद आहे. त्याच भागात कुपन पद्धतीने ४०० जणांच्या मुलाखती झाल्या आणि त्यांतील २० जणांनी, म्हणजे ५ टक्क्यांनी, त्या केंद्रात गेल्याचे सांगितले. मग ६० हा आकडा एकूण संख्येच्या ५ टक्के धरता येतो आणि अंदाज १२०० निघतो. गणित शाळकरी आहे. त्यामागच्या अटी मात्र कडक आहेत. केंद्राची वही बरोबर हवी, दोन्हीकडे भाग आणि कालावधी एकच हवा, एकच माणूस दोनदा मोजलेला नको. यातील एक अट सुटली, तरी १२०० चे ६०० किंवा २४०० होऊ शकतात. त्यामुळे अंदाज सांगताना त्याची खालची आणि वरची मर्यादाही सांगायची, हा शिस्तीचा भाग शिकावा लागतो.

'एकच क्वार्टर' म्हणजे किती?

दुसरा धडा प्रश्न विचारण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने मद्यपानाची घातकता तपासण्यासाठी दहा प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावली तयार केली. तिच्यात एकूण ४० गुण असतात आणि ८ वा त्याहून अधिक गुण धोक्याची सूचना मानली जाते. त्यात साधारण एका दिवशी किती 'ड्रिंक' घेता, असा प्रश्न आहे. एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडचा कामगार ड्रिंक मोजत नाही, तो 'क्वार्टर' मोजतो. १८० मिलिलिटरच्या, ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्की वा रमच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे सहा ड्रिंक. 'एकच घेतो साहेब' हे उत्तर मुलाखतकाराने 'एक' असे लिहून घेतले, तर धोक्याच्या पातळीवरचा माणूस कागदावर जवळपास निर्व्यसनी ठरतो.

पदार्थांच्या नावांचेही तसेच. एमडी, माल, बटन, सोल्यूशन ही नावे दर काही वर्षांनी आणि दर काही किलोमीटरवर बदलतात. चाकणच्या वसाहतीत मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी, ओडिया, बंगाली कानांवर पडते. प्रश्नावलीचे भाषांतर करून, ते दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणे आणि मग प्रत्यक्ष थोड्या लोकांवर अजमावून पाहणे, हे कंटाळवाणे काम टाळून चांगली पाहणी होत नाही.

गोव्यातील औद्योगिक कामगारांचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात 'ऑडिट' वापरून सुमारे एक हजार पुरुष कामगारांची तपासणी झाली आणि पाचांपैकी साधारण एकाचे मद्यपान घातक पातळीवर आढळले. हे सगळे कामावर येणारे, हजेरी लावणारे लोक होते. व्यसनी माणूस म्हणजे गटाराकडेला पडलेला माणूस, ही समजूत अशा अभ्यासांपुढे टिकत नाही.

भोसरीचा धडा

साथरोगशास्त्राची परंपरा या औद्योगिक पट्ट्याला परकी नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ऑक्टोबर १९९२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', स्थापन झाली. अलीकडे विषाणुशास्त्राची जोड देऊन तिचे नाव बदलण्यात आले आहे. नव्वदच्या दशकात या संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला.

त्यातून १९९७ मध्ये एक निष्कर्ष पुढे आला. या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीशिवाय कोणाशी त्यांचा संबंध नव्हता. धोका ठरावीक वस्त्यांपुरता आहे, हा समज या आकड्याने मोडला आणि लग्नाच्या घरातील स्त्री चर्चेत आली. या अभ्यासाचे प्रमुख लेखक डॉ. रमण गंगाखेडकर पुढे करोनाकाळात परिषदेचे साथरोगतज्ज्ञ म्हणून देशाला परिचित झाले.

यातील महत्त्वाचा मुद्दा मनुष्यबळाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील फोगार्टी केंद्राने १९८८ मध्ये एड्स संशोधनाचा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. विकसनशील देशांतील तरुण डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञांना पद्धतीचे शिक्षण द्यायचे आणि त्यांनी आपल्या देशात परतून आपल्याच लोकसंख्येचा प्रश्न हाती घ्यायचा, अशी त्याची आखणी होती. अमली पदार्थांच्या क्षेत्रात असेच काम १९७४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या 'नायडा' या संस्थेने केले आणि परदेशी संशोधकांसाठी पाठ्यवृत्त्या ठेवल्या.

प्रशिक्षणाचे फळ महाराष्ट्राने अन्यत्रही पाहिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि ते गडचिरोलीला परतले. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या त्या जिल्ह्यात २०१६ मध्ये दारू व तंबाखू कमी करण्यासाठी 'मुक्तिपथ' सुरू झाला, तेव्हा आधी नमुना पाहणी करून वापर किती, याचा अंदाज घेण्यात आला. आधी मोजणी नसेल, तर नंतर काय कमी झाले, हे सांगता येत नाही.

प्रतिबंधाचीही परीक्षा हवी

व्यसनप्रतिबंध म्हटले की शाळेत व्याख्यान, पथनाट्य, प्रभातफेरी आणि शपथ हे ठरलेले आहे. त्यामागील कळकळ खरी असते. परिणाम तपासला जात नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेल्या 'डेअर' कार्यक्रमात गणवेशातील पोलीस शाळांत जाऊन मुलांना नशेचे धोके सांगत. पालक खूश होते, शाळा खूश होत्या. मुलांचे गट करून तुलना झाली, तेव्हा कार्यक्रम घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या पुढील वापरात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पुढे त्या कार्यक्रमाला आपला अभ्यासक्रमच बदलावा लागला.

याउलट आइसलँडने १९९८ नंतर दरवर्षी मुलांची पाहणी करून तिचे निष्कर्ष त्या त्या शहराच्या आणि शाळेच्या हाती दिले. मैदाने, शाळेनंतरचे छंदवर्ग आणि पालकांचे गट यांवर भर दिला. मागील महिन्यात एकदा तरी नशेत असल्याचे सांगणारी १५-१६ वर्षांची मुले १९९८ मध्ये ४२ टक्के होती. २०१६ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. आइसलँडचे वळण चाकणला जसेच्या तसे बसणार नाही. परंतु दरवर्षी मोजायचे आणि त्यानुसार बदलायचे, ही पद्धत कोठेही बसू शकते.

अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाची छोटी पद्धत विकसित केली. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. भेटी जास्तीत जास्त चार. ३७७ पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातील ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर दुसऱ्या गटातील २६ टक्के. फरक दहा टक्क्यांचा. पण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडल्यामुळे तो विश्वासार्ह ठरला. मानसोपचारतज्ज्ञांची वानवा असलेल्या ठिकाणी हे फार मोठे आश्वासन आहे.

माहिती देणाऱ्याची नोकरी

औद्योगिक पट्ट्यात संशोधकाची खरी कसोटी गोपनीयतेत लागते. कंत्राटी कामगाराने प्रश्नावलीत खरे लिहिले आणि ते ठेकेदाराच्या कानी गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाऊ शकते. अमली पदार्थांचे सेवन हाही कायद्याने गुन्हा आहे. पदार्थानुसार सहा महिने वा एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम ६४ अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, पण ही बाब कामगारांपर्यंत क्वचितच पोहोचते.

अमेरिकेत संशोधकाला माहिती उघड न करण्याची मुभा देणारे गोपनीयता प्रमाणपत्र मिळते. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे गोपनीयतेचा आग्रह धरतात. मात्र नाव लिहून ठेवून ते जपण्यापेक्षा नाव न लिहिणेच शहाणपणाचे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. मुलाखत कारखान्याच्या कार्यालयात न घेणे, व्यवस्थापनाला व्यक्तिगत नोंदी न देणे, एखाद्या विभागात पाच-सात माणसेच असतील तर त्या विभागाचा वेगळा आकडा न छापणे, हे नियम त्यातूनच आले. पाहणीच्या निमित्ताने अडचणीतील माणूस समोर आला, तर त्याला उपचारांचा पत्ता देणे हेही संशोधकाचे कर्तव्य ठरते.

साहित्य हाताशी आहे

येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. अनिल अवचट यांनी 'गर्द'च्या विळख्यातील मुलांवर केलेले लेखन, डॉ. अनिता अवचट यांचा मानसोपचारातील अनुभव आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साह्य यांतून ते उभे राहिले. ब्राऊन शुगरच्या लाटेपासून एमडीपर्यंतचा बदल त्याने जवळून पाहिला आहे. केंद्र शासनाने त्याला या क्षेत्रातील प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राची जबाबदारीही दिलेली आहे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व त्याची पदव्युत्तर संस्था आहे, पुणे विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्राचा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेने २००१ पासून कामावर असलेल्या अधिकाऱ्यांना क्षेत्रीय साथरोगशास्त्र शिकवले आहे. तेथे विद्यार्थी आपल्याच जिल्ह्याचा प्रश्न घेऊन शिकतो.

ही सूत्रे एकत्र बांधली, तर चाकण-पिंपरीत असे प्रशिक्षण उभे राहू शकते. सामुदायिक वैद्यकशास्त्राचा निवासी डॉक्टर, समाजकार्याची पदवीधर आणि संख्याशास्त्राचा विद्यार्थी अशी तीन माणसांची तुकडी दोन वर्षांसाठी एका प्रभागाला किंवा गावाला जोडायची. पहिले काही महिने व्यसनमुक्ती केंद्रात बसून रुग्णांचे ऐकायचे, नंतर मोजणी करायची, तिच्या आधारे एक छोटा प्रतिबंधाचा उपाय योजायचा आणि वर्षभराने पुन्हा मोजायचे. अनुभवी मार्गदर्शकाने प्रत्येक टप्पा तपासायचा. पाहणीचा निष्कर्ष कामगारांच्या वस्तीत आणि महापालिकेच्या सभागृहात सोप्या मराठीत मांडणे, हाही परीक्षेचाच भाग ठेवायचा.

अडथळा मुख्यतः टिकण्याचा आहे. असे संशोधन प्रकल्पापुरते चालते. प्रकल्प संपला की माणसे पांगतात आणि त्यांनी वस्तीत मिळवलेला विश्वासही त्यांच्याबरोबर जातो. पुढच्या प्रकल्पाला पुन्हा ओळखीपासून सुरुवात करावी लागते. नशेचे पदार्थ मात्र प्रकल्पाच्या मुदतीसाठी थांबत नाहीत. गर्द गेला, एमडी आला. आता व्यायामशाळांच्या आसपास मेफेंटरमाइनसारखी इंजेक्शने सापडू लागली आहेत. असा बदल सुरुवातीलाच ओळखायचा, तर तेच संशोधक त्याच भागात पाच-दहा वर्षे असावे लागतात. त्यासाठी लागणारी मोजकी कायम पदे महापालिका, वैद्यकीय महाविद्यालये आणि उद्योगांनी मिळून निर्माण करणे अशक्य नाही. एका प्रशिक्षित कामगाराला व्यसनापायी गमावण्याची किंमत उद्योगांना ठाऊक आहे, आणि त्याच्या घराला ती त्याहून अधिक ठाऊक आहे.

व्यसनमुक्तीसाठी मदत हवी असल्यास केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.